जॉप्लिनचा डावा हात: रॅगटाइम रचना कशा ऐकाव्यात

‘रॅग’ हा शब्द देवनागरीत लिहिला की मराठी वाचकाच्या मनात आधी राग येतो. या दोन शब्दांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. इंग्रजीत ‘रॅग्ड’ म्हणजे कडा विसकटलेले, दोरे निघालेले. ज्या संगीतात लयीच्या कडा अशा विसकटल्यासारख्या ऐकू येतात ते रॅगटाइम, अशी या नावाची सर्वसाधारणपणे स्वीकारलेली व्युत्पत्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी हा प्रकार पियानोवर घडवला, १८९७ पासून तो ‘रॅग’ या नावाने छापला जाऊ लागला, पुढची वीस वर्षे घराघरांतल्या पियानोवर वाजला आणि जॅझ आल्यावर मागे पडला. या वीस वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा रचनाकार स्कॉट जॉप्लिन. त्याच्या चाळीसहून अधिक रचना उपलब्ध आहेत आणि त्या कानाला इतक्या सहज वाटतात की त्यांत समजावून सांगण्यासारखे काय आहे, असाच प्रश्न पडावा. माझ्या मते त्यांतले मर्म पकडण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे उजव्या हाताची गोड सुरावट क्षणभर बाजूला ठेवून डाव्या हाताकडे लक्ष देणे. जॉप्लिन रचनाकार म्हणून कसा वाढत गेला, हे त्याचा डावा हातच अधिक स्पष्टपणे सांगतो.

आधी या दोन हातांची कामे पाहू. केहरव्याप्रमाणे आठ मात्रांचे एक आवर्तन डोळ्यांसमोर आणा. (पाश्चात्त्य लेखनात हेच आवर्तन दोन ठोक्यांचे मानले जाते आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले जातात, आपल्या सोयीसाठी आपण आठच मोजू.) डावा हात पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर वाजतो: पहिलीवर आणि पाचवीवर खर्जातला जड सूर, तिसरीवर आणि सातवीवर मधल्या सप्तकातला हलका स्वरसमूह. ऐकायला ते ‘धम्-चक, धम्-चक’ असे येते. लष्करी बँडच्या संचलनाच्या सुरावटींत मोठा ढोल आणि पितळी वाद्ये मिळून जे करतात, तेच इथे एकटा डावा हात करतो. रॅगटाइमचा एक पूर्वज मार्च हाच आहे. उजवा हात मात्र या आठ मात्रांची वाटणी वेगळी करतो. तोंडाने ‘तकिट तकिट तक’ असे म्हणा: तीन, तीन आणि दोन, मिळून आठ. आता पायाने पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर ठोका देत हेच पुन्हा म्हणा. दुसरा ‘त’ चौथ्या मात्रेवर येतो, म्हणजे डाव्या हाताच्या दोन आघातांमधल्या फटीत. आणि तिसरा सातवीवर येतो, जिथे डाव्या हाताचा हलका आघात असतो. पाचव्या मात्रेवर, जिथे पाय जोराने पडतो, तिथे बोलातले बिनवजनाचे अक्षर असते. पाय आणि तोंड यांच्यातली ही गोड भांडाभांडी म्हणजेच रॅगटाइम. संगीतशास्त्रात याला सिंकोपेशन म्हणतात.

याचे सर्वांत परिचित उदाहरण १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द एन्टरटेनर’ या रचनेत सापडते. पियानो किंवा कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांच्या सुरुवातीच्या पुस्तकांत या रचनेची सोपी आवृत्ती हमखास असते, आणि अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तीच धून आइस्क्रीमच्या गाडीवरही ऐकलेली असेल. घरात पेटी असेल तर पांढरी एक हा षड्ज धरून मुख्य सुरावटीचा आरंभ वाजवून पाहता येईल. आधी ‘रे’ आणि ‘कोमल ग’ हे दोन सूर झटक्यात, आणि मग तीन वेळा ‘ग–सां’. पहिला शुद्ध गंधार समेवर येतो, दुसरा चौथ्या मात्रेवर आणि तिसरा सातव्या मात्रेवर. म्हणजे नेमके ‘तकिट तकिट तक’. शेवटचा तार षड्ज आठव्या मात्रेवर सुरू होतो आणि पुढच्या आवर्तनाची सम ओलांडून लांबत जातो. समेवर उजव्या हाताचा नवा आघातच नसतो; सम दाखवतो तो डावा हात. आपल्याकडे समेच्या आधीच उतरून सम झाकण्याला अनागत म्हणतात, त्याच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे. डावा हात काढून टाकला, तर ही सुरावट गोड राहील, पण तिच्यातला खट्याळपणा नाहीसा होईल, कारण मोडायला समोर नियमच उरणार नाही.

दुसरी समजून घेण्याजोगी बाब म्हणजे रचनेचा आराखडा. जॉप्लिनचा रॅग बहुधा चार खंडांचा असतो, प्रत्येक खंड सोळा आवर्तनांचा असतो, आणि बहुतेक खंड लगेच दुसऱ्यांदा वाजवले जातात. १८९९ सालच्या ‘मेपल लीफ रॅग’मध्ये पहिला खंड दोनदा, दुसरा दोनदा, पुन्हा पहिला एकदा, मग तिसरा आणि चौथा दोन-दोनदा असा क्रम आहे. पहिले दोन खंड आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत काळी चारच्या पट्टीत आहेत; तिसरा खंड काळी एकमध्ये जातो, म्हणजे मूळ मध्यमालाच नवा षड्ज मानतो; चौथा पुन्हा काळी चारवर परततो. ‘द एन्टरटेनर’मध्येही तिसरा खंड पांढरी एकवरून पांढरी चारवर, म्हणजे पुन्हा मध्यमावरच जातो. षड्ज असा सरकला की ऐकणाऱ्याला खोली बदलल्यासारखे वाटते: तीच माणसे, पण उजेड निराळा. हा आराखडाही मार्चकडूनच आलेला आहे. गायकाने एका बंदिशीचा विस्तार करत जाणे ज्याच्या कानात मुरलेले आहे, त्याला हे चार खंड सुरुवातीला एकमेकांशी फटकून वागणारे वाटतात, कारण इथे एकाच कल्पनेची बढत नसून चार कल्पनांची मांडणी असते. त्यांचा तोल आणि क्रम हाच रचनाकाराचा विचार असतो.

जॉप्लिनकडे ही शिस्त आली कोठून? त्याचा जन्म १८६७-६८ च्या सुमारास टेक्सस राज्याच्या ईशान्य भागात झाला आणि तो टेक्सारकाना या गावात वाढला. वडील जाइल्स हे पूर्वी गुलामगिरीत होते; आई फ्लॉरेन्स गोऱ्या कुटुंबांत घरकाम करीत असे, आणि तिच्या कामाच्या घरी असलेल्या पियानोवर मुलाचा हात बसत गेला. ज्युलियस वाइस या जर्मनीत जन्मलेल्या संगीतशिक्षकाने या मुलाला मोबदला न घेता शिकवले आणि युरोपीय अभिजात संगीताची व ऑपेराची ओळख करून दिली. पुढे मिझुरी राज्यातल्या सेडालिया या रेल्वेच्या गावी असताना जॉप्लिन बँडमध्ये वाजवत असे, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या जॉर्ज आर. स्मिथ महाविद्यालयात शिकत असे आणि रात्री क्लबांतून पियानो वाजवत असे. तो काही डोळे दिपवणारा वादक नव्हता, असे त्याला ऐकलेल्यांनी सांगून ठेवले आहे. मला ही उणीव महत्त्वाची वाटते. ज्याची बोटे आयत्या वेळी चमत्कार करतात, त्याला कागदाची फारशी गरज भासत नाही. जॉप्लिनने मात्र प्रत्येक सूर लिहून ठेवला आणि तो लिहिला आहे तसाच वाजला पाहिजे असा आग्रह धरला. रॅगटाइम म्हणजे क्लबातली उत्स्फूर्त करमणूक असा समज तेव्हाही होता आणि आजही आहे. जॉप्लिनच्या बाबतीत तो चुकीचा आहे, कारण त्याचे रॅग हे लिखित संगीत आहे.

लिखित असल्यामुळेच त्याला बाजारही मिळाला. रेडिओ नव्हता, ध्वनिमुद्रिका अजून बाल्यावस्थेत होती, आणि मध्यमवर्गीय अमेरिकन घरात पियानो असे. लोकप्रिय धून घरी आणायची म्हणजे तिची छापील स्वरलिपी विकत आणायची. रचनाकाराला बहुधा एकरकमी किरकोळ पैसे मिळत आणि पुढचा सगळा नफा प्रकाशकाचा असे. सेडालियातल्या जॉन स्टार्क या वाद्यविक्रेत्याशी १० ऑगस्ट १८९९ रोजी झालेल्या करारात मात्र जॉप्लिनला ‘मेपल लीफ रॅग’च्या प्रत्येक प्रतीमागे एक सेंट मिळेल अशी अट होती. पहिल्या वर्षी सुमारे ४०० प्रती खपल्या, म्हणजे हातात सुमारे चार डॉलर पडले. पुढे या रचनेचा खप लाखांत गेला आणि त्या एका सेंटाने जॉप्लिनला आयुष्यभर लहानसे पण नियमित उत्पन्न दिले. स्टार्कने आपल्या प्रकाशनांसाठी ‘क्लासिक रॅग’ असा शब्द रूढ केला. त्यात जाहिरातीचा भाग होताच, पण जॉप्लिनला, आणि त्याच्यामागून आलेल्या जेम्स स्कॉट व जोसेफ लॅम्ब यांना, तो शोभतोही.

‘मेपल लीफ रॅग’मध्ये डावा हात बहुतांशी आपल्या ‘धम्-चक’ला जागतो, परंतु तिथेही पहिल्या खंडाच्या मध्यावर एक गंमत आहे. ठेका अचानक बाजूला होतो आणि सूर खर्जापासून एकेक सप्तक चढत थेट वरच्या टोकाला पोहोचतात. ऐकणाऱ्याच्या पायाखालची पायरी क्षणभर काढून घेतल्यासारखे होते, आणि ठेका परत येतो तेव्हा तो आधीपेक्षा अधिक सुखद वाटतो. डाव्या हाताला कधी थांबवायचे, हे जॉप्लिनला इतक्या लवकर उमगले होते.

इथे वेगाबद्दल सांगितले पाहिजे, कारण या रचनांचे सर्वाधिक नुकसान वेगाने केले आहे. पट्टीचे वादक शर्यत लावल्यासारखे रॅग पळवीत, आणि आजही अनेक ध्वनिमुद्रणांत तसेच ऐकू येते. जॉप्लिनने आपल्या छापील प्रतींवर ही रचना जलद वाजवू नये, रॅगटाइम जलद वाजवणे कधीच योग्य नाही, अशी स्पष्ट सूचना छापून घेतली. १९०८ मध्ये त्याने सहा स्वाध्यायांची एक छोटी शिक्षणपुस्तिका काढली. तीत उजव्या हाताच्या आडमात्रांचे, म्हणजे फटीत पडणारे, सूर सरळ मात्रांच्या तुलनेत नेमके कुठे पडतात, ते वेगळ्या ओळीत मांडून दाखवले आहे. आग्रहाचे कारण सोपे आहे. फटीतला आघात जाणवण्यासाठी आधी फट जाणवली पाहिजे. लय फार चढली की पहिली, चौथी आणि सातवी मात्रा एकाच गदारोळात मिसळतात, आणि आपण ज्याला वर भांडाभांडी म्हटले ती नुसती गडबड होऊन बसते.

आता पुढच्या रचनांतला डावा हात पाहू. १९०४ साली सेंट लुइस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनातील कृत्रिम धबधब्यांवर जॉप्लिनने ‘द कॅस्केड्स’ लिहिले. त्याच्या तिसऱ्या खंडात डाव्या हाताला जोडसप्तकांत धावावे लागते. पाणी कोसळते ते खर्जात, उजव्या हाताच्या शिंतोड्यांत नव्हे. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने फ्रेडी अलेक्झांडरशी लग्न केले, आणि सप्टेंबरमध्ये ती न्यूमोनियाने वारली. १९०५ च्या ‘बेथेना’मध्ये तो तीन ठोक्यांच्या वॉल्ट्झकडे वळला. डावा हात आता ‘धम्-चक-चक’ असा फिरतो, आणि उजव्या हाताचा आडमात्रांचा खेळ खट्याळ न वाटता हुरहूर लावणारा वाटतो. या रचनेचा संबंध पत्नीवियोगाशी जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तसे न करताही ती ऐकता येते, आणि माझ्या मते ती ‘द एन्टरटेनर’पेक्षा कितीतरी खोल आहे.

१९०७ मध्ये जॉप्लिन न्यूयॉर्कला गेला, आणि १९०९ हे वर्ष त्याच्या पियानो-रचनांसाठी विलक्षण ठरले. ‘वॉल स्ट्रीट रॅग’मध्ये १९०७ च्या आर्थिक अरिष्टाची आठवण आहे. स्वरलिपीत चारही खंडांवर मथळे छापलेले आहेत: आधी बाजारातली घबराट आणि खिन्न दलाल, मग चांगले दिवस येऊ घातल्याची चाहूल, मग ते आल्याचा आनंद, आणि शेवटी खरेखुरे रॅगटाइम ऐकून चिंता विसरणारे दलाल. (या औषधाची शिफारस आजच्या शेअर बाजारालाही करता येईल.) त्याच वर्षीच्या ‘सोलेस’ला त्याने मेक्सिकन सेरेनेड असे म्हटले आहे, आणि तीत डाव्या हाताने ‘धम्-चक’ जवळजवळ सोडून दिले आहे. त्याऐवजी हाबानेरा या क्यूबाहून आलेल्या नृत्याची चाल येते: आठ मात्रांची तीन, एक, दोन, दोन अशी वाटणी, म्हणजे पहिली, चौथी, पाचवी आणि सातवी मात्रा. चौथ्या मात्रेवरचा आघात, जो आतापर्यंत उजव्या हाताची मिरास होता, तो आता डाव्या हाताने आपलासा केला. दोन्ही हात झुलू लागतात आणि संपूर्ण रचना संथ लाटेसारखी हलते. ‘युफॉनिक साउंड्स’मध्ये तर डावा हात ठेका धरण्याची भूमिका टाकून उजव्या हाताशी संवाद करतो. आडमात्रा दोन्ही हातांत वाटल्या जातात, स्वरसंगती अनपेक्षित वळणे घेते आणि पहिला खंड धृपदासारखा पुन्हापुन्हा परततो. १९१० च्या ‘स्टॉपटाइम रॅग’मध्ये ठेका मध्येमध्ये थांबतो, आणि वादकाने टाच जमिनीवर जोराने आपटावी यासाठी त्या त्या जागी सूरांखाली तसा शब्दच छापलेला आहे. डाव्या हाताचे काम पायाकडे सोपवून दिले, असेच म्हणायचे. १९१४ च्या ‘मॅग्नेटिक रॅग’मध्ये उदास, कोमल स्वरांच्या पट्ट्यांत जाणारे खंड आहेत, आणि अखेर पहिला खंड परत आणून छोट्याशा समारोपाने रचना मिटवली आहे. ‘मेपल लीफ रॅग’च्या आराखड्यात शेवटी अशी परतीची वाट नव्हती.

पियानोच्या बाहेरचे त्याचे मोठे स्वप्न ऑपेराचे होते. पहिला ऑपेरा १९०३ सालचा, आणि त्याची स्वरलिपी हरवली. दुसरा ‘ट्रीमोनिशा’ त्याने १९११ मध्ये स्वखर्चाने छापला. तीन अंकांची ही कथा १८८४ सालच्या आर्कान्सामधल्या एका मळ्यावर घडते. झाडाखाली सापडलेली ट्रीमोनिशा शिकते, भोळ्या गावकऱ्यांना जादूटोण्याच्या नावाने लुबाडणाऱ्यांच्या विरोधात उभी राहते, आणि अखेर गाव तिलाच आपली पुढारी मानते. मराठी वाचकाला इथे जोतीराव फुले आठवले तर नवल नाही. जॉप्लिन पाचेक वर्षांचा असताना, १८७३ मध्ये, त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते. त्या मुक्तीनंतर जन्मलेल्या पहिल्या पिढीतला हा रचनाकार शिक्षणाबद्दल तेच म्हणत होता. ‘ट्रीमोनिशा’ हा रॅगटाइम-ऑपेरा नाही. त्यात युरोपीय धाटणीची गाणी, समूहगीते आणि कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताचे रंग आहेत, आणि रॅगचा ठेका शेवटच्या संथ नृत्यासारख्या मोजक्या जागी राखून ठेवला आहे. १९१५ मध्ये हार्लेम येथे झालेल्या वाचनवजा प्रयोगात नेपथ्य नव्हते, वाद्यवृंद नव्हता. जॉप्लिन एकटाच पियानोवर होता. त्याला प्रतिसाद मिळाला नाही. सिफिलिसमुळे मेंदूवर परिणाम होऊन १ एप्रिल १९१७ रोजी त्याचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले, आणि क्वीन्समधल्या दफनभूमीत १९७४ पर्यंत त्याच्या जागेवर नावाचा दगडही नव्हता.

मधल्या अर्धशतकात ‘मेपल लीफ रॅग’ वगळता त्याच्या बहुतेक रचना सर्वसामान्यांच्या कानांआड गेल्या. नोव्हेंबर १९७० मध्ये जोशुआ रिफ्किन या पियानोवादकाने त्या संथ लयीत, मैफिलीच्या गांभीर्याने वाजवून ध्वनिमुद्रित केल्या. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने व्हेरा ब्रॉड्स्की लॉरेन्स यांनी संपादित केलेला त्याच्या रचनांचा संग्रह छापला. ‘ट्रीमोनिशा’ १९७२ मध्ये अटलांटा येथे पूर्ण स्वरूपात रंगमंचावर आला. १९७३ च्या ‘द स्टिंग’ या चित्रपटात मार्विन हॅमलिशने जॉप्लिनचे संगीत वापरले आणि ‘द एन्टरटेनर’ जगभर पोहोचला. त्या चित्रपटाची कथा १९३६ सालची आहे, जेव्हा रॅगटाइम जुनेपुराणे झाले होते; पण प्रेक्षकांनी त्याचा हिशेब ठेवला नाही. १९७६ मध्ये जॉप्लिनला मरणोत्तर विशेष पुलित्झर सन्मान देण्यात आला. हे सगळे शक्य झाले ते छापील कागदामुळे. त्याच काळातल्या ज्या वादकांनी लिहिले नाही, त्यांची केवळ नावे आणि दंतकथा उरल्या आहेत.

ज्यांना आता ऐकायला बसायचे आहे, त्यांनी ‘द एन्टरटेनर’ तूर्त बाजूला ठेवावा, कारण तो कानाला फार सरावाचा झाला आहे. ‘मेपल लीफ रॅग’ संथ लयीतला शोधावा आणि पहिल्या वेळी फक्त डावा हात मोजावा. मग ‘सोलेस’ लावावे. तिथे ‘धम्-चक’ची वाट पाहत पायाने ठोका देऊ लागाल, आणि दोन-तीन आवर्तनांतच लक्षात येईल की पाय आपोआप चौथ्या मात्रेवर पडू लागला आहे.